परंपरेची जन्मतारीख

जपानमध्ये लग्न झालं की नवरा-बायकोला एकच आडनाव लावावं लागतं. तशी कायद्याचीच सक्ती आहे. दोघांपैकी कुणाचं आडनाव घ्यायचं हे जोडप्याने ठरवावं, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात शंभरातल्या सुमारे ९५ जोडप्यांत बायकोच आपलं नाव सोडते. ही सक्ती उठवावी म्हणून काही जण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १६ डिसेंबर २०१५ रोजी १५ पैकी १० न्यायाधीशांनी कायदा घटनेला धरूनच असल्याचा निर्वाळा दिला. त्या पीठावरच्या तिन्ही महिला न्यायाधीश अल्पमतात राहिल्या. २०२१ साली निकाल पुन्हा तसाच लागला. या वादात कायद्याची बाजू घेणारे एक मुद्दा हमखास काढतात: एक घर, एक आडनाव ही आमची पूर्वापार रीत आहे.

कागद मात्र वेगळंच सांगतात. सर्वसामान्य जपानी माणसाला आडनाव लावणं सक्तीचं झालं १८७५ साली. १८७० पर्यंत शेतकऱ्याला किंवा कारागिराला सरकारदरबारी आडनाव लावायची सहसा मुभाच नसे. आडनावं आल्यावर लगेच पेच पडला, की लग्न झालेल्या बाईने कोणतं लावायचं? १८७६ साली सरकारने लेखी उत्तर दिलं, माहेरचं. बावीस वर्षांनी, १८९८ च्या नागरी संहितेने ते उत्तर उलटं केलं आणि बायकोला नवऱ्याच्या घराण्याचं नाव लावायला सांगितलं. म्हणजे ही पूर्वापार रीत एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी जन्माला आली, आणि तिच्या आधीचा सरकारी हुकूम तिच्या नेमका विरुद्ध होता.

जपानच्या इतिहासातला लिंगभाव आणि लैंगिकता अभ्यासणाऱ्यांचं निम्मं काम हेच आहे, परंपरेची जन्मतारीख शोधायची. पुरुषाने कसं असावं, बाईने कुठे थांबावं, कुणी कुणावर प्रेम करणं चालतं, याबद्दलची ‘आमच्याकडे पहिल्यापासून असंच’ ही वाक्यं घ्यायची आणि ‘पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? लिहिलं कुणी?’ एवढं विचारायचं. पुष्कळदा उत्तर एकाच तीस वर्षांच्या पट्ट्यात येऊन पडतं. १८६८ साली तोकुगावा घराण्यातल्या शोगुनांची, म्हणजे लष्करी सत्ताधीशांची, सत्ता गेली, सम्राट मेइजीच्या नावाने नवं सरकार आलं आणि पाश्चात्त्य राष्ट्रांच्या पंक्तीला बसण्याच्या घाईत त्याने कायदे, शाळा, पोलीस, वेशभूषा असं सगळंच नव्याने बेतलं. तेव्हा घातलेली घडी पुढे पुरातन म्हणून मिरवू लागली. उरलेलं निम्मं काम अधिक अवघड आहे. त्या घडीच्या आधीचं जग खरोखर कसं होतं, ते त्याला स्वर्ग न बनवता सांगायचं.

साडेतीन ओळी

एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, सामान्य घरातलं लग्न मोडायचं तर नवऱ्याने बायकोला एक चिठ्ठी लिहून द्यावी लागे. ती साधारण साडेतीन ओळींची असे, म्हणून लोक तिला ‘मिकुदारिहान’ म्हणत; साडेतीन ओळी, एवढाच त्याचा अर्थ. साडेतीन मुहूर्त आणि साडेतीन शहाण्यांच्या प्रदेशातल्या वाचकाला हा आकडा लक्षात ठेवायला जड जाऊ नये. चिठ्ठीत मजकूर ठराविक असे: माझ्या मर्जीने मी हिला सोडत आहे, यापुढे हिने कुणाशीही लग्न केलं तरी माझी हरकत नाही. खाली तारीख, नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव. लिहिता न येणाऱ्याने तीन उभ्या रेघा आणि एक अर्धी रेघ ओढली तरी भागे, असं सांगतात.

बरीच वर्षं इतिहासकारांनी या चिठ्ठीचा अर्थ सरळ लावला. ‘माझ्या मर्जीने’ या शब्दांतच नवऱ्याची हुकूमशाही दिसते; मनात आलं की बाईला घराबाहेर काढायचं, ती बिचारी चिठ्ठी हातात घेऊन माहेरी जाणार. ताकागी तादाशी या कायद्याच्या इतिहासकाराने अशा चिठ्ठ्या गोळा करण्यात आयुष्य घालवलं आणि हे चित्र बरंच बदललं. चिठ्ठी सुटी वाचण्याऐवजी त्याने ती बाकीच्या कागदांशेजारी ठेवून वाचली. तेव्हा दिसलं की चिठ्ठीआधी दोन्ही घरांत, मध्यस्थांच्या मार्फत, बोलणी झालेली असत. चिठ्ठी मिळाल्याची पोच बायकोकडून नवऱ्याने घेतल्याचेही कागद निघाले. चिठ्ठी देणं नवऱ्यालाही चुकत नसे. ती न देता त्याने दुसरं लग्न केलं तर त्याला गावाबाहेर काढण्याची शिक्षा होती. चिठ्ठी न मिळवता बाईने दुसरं लग्न केलं तर तिचं डोकं भादरून तिला माहेरी धाडत. या उजेडात ‘माझ्या मर्जीने’ या शब्दांचा सूरच पालटतो. बायकोत दोष नाही, जबाबदारी माझी, असं कबूल करण्याची ती रीतसर भाषा ठरते. आणि चिठ्ठीतला बाईच्या कामाचा भाग शेवटचा, कारण तो तिचा पुनर्विवाहाचा परवाना असे.

नवरा चिठ्ठी द्यायला तयारच नसेल तर? तर तोकेइजी होतं. कामाकुरा गावातला हा मठ १२८५ साली होजो तोकिमुने या सत्ताधीशाच्या विधवेने, काकुसानने, स्थापन केला. एदो काळात तो ‘नाती तोडणारा मठ’ म्हणून प्रसिद्ध झाला. नवऱ्याला विटलेली बाई तिथे पोचली की शोगुनाच्या राज्यातला कायदा तिच्या बाजूला यायचा. पाठलाग करणारा नवरा अगदी मागे असला, तरी पायातली चप्पल किंवा केसांतला काटा दारातून आत भिरकावला की ती आत आली असं धरत, ही गोष्ट तेव्हाच्या विनोदी कवितांतही खेळवली गेली आहे.

खरी कार्यपद्धती चपलेइतकी नाट्यमय नव्हती, पण अधिक रंजक होती. मठाच्या दारापाशी मठाच्या मान्यतेच्या धर्मशाळा असत. बाईला आधी तिथे उतरवत, तिची जबानी घेत, मग माहेरच्यांना बोलावणं जाई आणि नवऱ्याला पत्र. मठाचं पत्र आलं की बहुतेक नवरे तडजोडीला येत आणि साडेतीन ओळी लिहून देत. अडून बसणारा निघालाच, तर बाई मठात राही. तिथे चोवीस महिने काढले, की मठ नवऱ्याकडून चिठ्ठी वसूल करी. एदो काळाच्या शेवटच्या दीडशे वर्षांत सुमारे २००० बायका तोकेइजीच्या दारी आल्या असाव्यात, असा अंदाज आहे. असाच दुसरा मठ मांतोकुजी, आजच्या गुन्मा प्रांतात. देशभरात असे अधिकार या दोनच ठिकाणांना होते, त्यामुळे लांबच्या बाईला त्यांचा उपयोग नव्हता. एदो शहरापासून, म्हणजे आजच्या तोक्योपासून, कामाकुरा सुमारे ५० किलोमीटर, सारं अंतर पायी. ज्या पोचल्या त्यांचे कागद उरले. ज्या वाटेत पकडल्या गेल्या, किंवा ज्यांना उंबरठा ओलांडताच आला नाही, त्यांची नोंद कुणी ठेवणार नव्हतं. कागदांवरून मत बनवताना हे भान सुटू द्यायचं नसतं.

मेइजी सरकारने मठांचा हा अधिकार काढून घेतला आणि १८७३ साली बाईला न्यायालयात घटस्फोट मागायची मुभा दिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तोकेइजी भिक्षुणींचा मठही उरला नाही. तिथे पुरुष भिक्षू आले.

शोधायचे होते ख्रिस्ती

सामान्य घरांतल्या लग्नांबद्दल सांगणारे दुसरे कागद धर्माच्या तपासातून जन्मले. सतराव्या शतकात शोगुनांनी ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. कुणी चोरून ख्रिस्ती राहिलं नाही ना, हे तपासायला गावोगावी दरवर्षी नोंदवह्या भरायची पद्धत पडली. घरात कोण कोण, वय काय, कुटुंबप्रमुखाशी नातं काय, कोणत्या बौद्ध देवळाशी बांधलेलं, असं सगळं त्यात लिहीत. ख्रिस्ती सापडेनासे झाले तरी वह्या भरणं सुरूच राहिलं, सरकारी खाक्याप्रमाणे, दोनशे वर्षं.

१९६० च्या दशकात हायामी अकिरा हा आर्थिक इतिहासाचा अभ्यासक युरोपात गेला. चर्चच्या जुन्या नोंदींवरून एकेका कुटुंबाचा जन्म-लग्न-मृत्यूचा आलेख मांडायचं तंत्र तो तिथे शिकला आणि परत येऊन त्याने ते या वह्यांना लावलं. आज एक बाई या घरात, तीन वर्षांनी नाव गायब, पुढल्या वर्षी शेजारच्या गावात दुसऱ्या घरात, आणखी पाच वर्षांनी पुन्हा माहेरच्या पानावर. अशा लाखो नोंदी जोडून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्यांच्या हातचं एक अक्षर उरलेलं नाही अशा माणसांची चरित्रं उभी केली. मिनो प्रांतातल्या निशिजो गावातल्या कितीतरी मुली लग्नाआधी शहरांत आणि दुसऱ्या गावांत कामाला जात. त्यांची लग्नं गावातच राहिलेल्या मुलींपेक्षा सुमारे पाच वर्षं उशिरा होत आणि साहजिकच त्यांना मुलंही कमी होत. लग्नं मोडत, पुन्हा होत. एकदा दिलेली मुलगी सासरच्या दारातूनच शेवटची बाहेर पडणार, हा आदर्श एदो काळातल्या उपदेशाच्या पुस्तकांत भरपूर सापडतो, वह्यांत फारसा सापडत नाही.

मेइजी सरकारने आकडेवारी छापायला सुरुवात केली तेव्हाही हेच चित्र होतं. १८८३ साली दर तीन लग्नांमागे एकापेक्षा जास्त घटस्फोट नोंदले गेले, आणि घटस्फोटांचं प्रमाण हजार लोकसंख्येमागे तीनच्या वर होतं. युरोपातल्या कोणत्याही देशाने तेव्हा असा आकडा पाहिलेला नव्हता. १८९८ ची नागरी संहिता आली आणि दोनच वर्षांत घटस्फोट जवळजवळ निम्म्यावर आले. संसार एकाएकी सुखाचे झाले नव्हते. नोंदणीच्या आणि घरच्यांच्या संमतीच्या अटी कडक झाल्या. पुष्कळ लग्नं नोंदणीबाहेरच राहू लागली, मग ती मोडली तरी आकड्यात येणार कशी? त्याच संहितेने घराच्या कर्त्या पुरुषाच्या हाती कुटुंबाची सगळी सूत्रं दिली आणि विवाहित बाईला नवऱ्याच्या परवानगीवाचून मोठे व्यवहार करायला मनाई केली. सामुराई घराण्यांत जी रीत होती ती आता कोळ्या-शेतकऱ्यालाही लागू झाली. देशातल्या मूठभर लोकांची चाल कायद्याने साऱ्या देशाची परंपरा झाली.

केस कुणी कापायचे

नव्या सरकारने स्त्री-पुरुष वेगळे कसे आखले, ते पाहायला डोक्यावरच्या केसांइतकं सोयीचं ठिकाण नाही. एदो काळात पुरुष कपाळापासून टाळूपर्यंत डोकं भादरून मागे शेंडी बांधत. १८७१ साली सरकारने जाहीर केलं, शेंड्या कापायला मोकळीक आहे. लवकरच ती मोकळीक जवळपास सक्ती बनली. आखूड केस म्हणजे सुधारलेला देश. ते पाहून काही बायकांनीही केस कापले. केसांच्या त्या अवजड रचना सांभाळण्यापेक्षा आखूड केस सोपे आणि स्वच्छ, हे त्यांचंही म्हणणं होतं. सरकारने १८७२ साली त्यांच्यावर बंदी घातली. पुरुषाने कापले तर प्रगती, बाईने कापले तर गुन्हा. त्याच सुमाराला शहरांतल्या किरकोळ गुन्ह्यांच्या यादीत पुरुषाने बाईचा आणि बाईने पुरुषाचा वेश करणं हेही आलं, रस्त्यावर उघड्या अंगाने फिरणं आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र स्नान करणंही आलं. परदेशी पाहुणे काय म्हणतील, ही धास्ती या यादीच्या ओळीओळीत दिसते.

वेशांतराला गुन्हा ठरवणारा हा तोच देश, ज्याच्या रंगभूमीवर अडीच शतकं वेशांतराचीच सत्ता होती. काबुकी या नाट्यप्रकाराची सुरुवात एका बाईने केली. १६०३ च्या सुमाराला क्योतोमध्ये इझुमोची ओकुनी पुरुषी वेशात, कमरेला तलवार लावून नाचू लागली आणि शहर वेडं झालं. बायकांची काबुकी पाहायला येणाऱ्यांत मारामाऱ्या होऊ लागल्या. नाटक आणि वेश्याव्यवसाय एकमेकांत मिसळले. सामुराई आणि व्यापारी एकाच नटीसाठी भांडू लागले. १६२९ साली शोगुनाने बायकांना रंगमंचावरून हटवलं. त्यांच्या जागी किशोरवयीन मुलगे आले, तर त्यांच्यावरूनही तेच झालं. १६५२ साली त्यांच्यावरही बंदी आली. पुढे परवानगी मिळाली ती कपाळावरची झुलपं भादरलेल्या, म्हणजे प्रौढ दिसणाऱ्या, नटांनाच. नटांनी त्या भादरलेल्या कपाळावर जांभळं रेशमी फडकं बांधलं आणि ते फडकंच देखणेपणाची खूण झालं. स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांना ‘ओन्नागाता’ म्हणत. त्यांतला योशिझावा आयामे (१६७३–१७२९) सांगे की ज्याला रंगमंचावर बाई व्हायचं आहे त्याने घरीदारीही बाईसारखं राहावं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला यात नवल वाटायचं कारण नाही.

चित्रातला मुलगा

अठराव्या शतकातलं सुझुकी हारुनोबूचं एखादं रंगीत ठशांचं चित्र घ्या. दोन नाजूक व्यक्ती एका छत्रीखाली चालताहेत. दोघांचे चेहरे सारखेच, लांब बाह्यांचे किमोनो सारखेच. युरोप-अमेरिकेच्या संग्रहालयांत अशा कितीतरी चित्रांखाली ‘दोन स्त्रिया’ अशी पाटी लागून गेली. आता नीट पाहा. एकीच्या डोक्यावर, टाळूवर, लहानसा भादरलेला चौकोन आहे आणि त्यापुढे कपाळावर झुलपं. कमरेच्या पट्ट्यातून तलवारीची मूठ डोकावते आहे. ही ‘ती’ नाही. हा ‘वाकाशू’, वयात येत असलेला, पण प्रौढत्वाचा विधी न झालेला तरुण. विधीत कपाळावरची झुलपं उतरली की तो पुरुष होई. २०१६ साली टोरोंटोच्या रॉयल ओंटारिओ संग्रहालयाने या चित्रांचं खास प्रदर्शन भरवलं आणि वाकाशूला ‘तिसरा लिंगभाव’ म्हटलं. सर्व अभ्यासकांना ते नाव पटत नाही. कारण ही अवस्था प्रत्येक मुलाच्या आयुष्यात येऊन जाणारी होती, जन्मभराची ओळख नव्हती.

एदो समाजात प्रौढ पुरुषाचं वाकाशूवरचं प्रेम लपून नव्हतं. बौद्ध मठ, सामुराईंची तुकडी आणि नाटकमंडळी या तिन्ही ठिकाणी त्याचे आपापले शिष्टाचार होते. ओसाकाच्या इहारा साइकाकूने १६८७ साली याच विषयावर ४० कथांचं पुस्तक लिहिलं आणि ते बाजारात उघड खपलं. या प्रेमाकडे लोक आवडीचा, फार तर व्यसनाचा प्रश्न म्हणून पाहत. त्यामुळे माणूस वेगळ्या जातीचा ठरत नसे. अशा पुरुषाची बायकामुलंही असत. म्हणून आजची ‘समलिंगी’ ही ओळख सरसकट मागे नेऊन चिकटवता येत नाही. तो काळ मोकळा होता, असं म्हणून सुटताही येत नाही. हे नातं वयाच्या आणि हुद्द्याच्या उतरंडीत बांधलेलं होतं. मोठ्याने निवडायचं, लहानाने मान तुकवायची. नाटकगृहांभोवतीच्या चहाघरांतली मुलं तर पैशांच्या करारांनी जखडलेली असत. आजच्या मापाने ती अल्पवयीन होती, आणि त्यांना काय वाटत होतं हे सांगणारा कागद जवळजवळ नाहीच. आपल्या हाती आहे ते बहुतेक सारं पाहणाऱ्याच्या, विकत घेणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं.

मेइजी सरकारने १८७२–७३ च्या सुमाराला पुरुषांमधल्या विशिष्ट शरीरसंबंधाला ९० दिवस कैदेची शिक्षा ठेवली. ती दहा वर्षंही टिकली नाही. नवी दंडसंहिता लिहायला सरकारने ग्युस्ताव्ह ब्वासोनाद या फ्रेंच कायदेपंडिताला बोलावलं होतं. फ्रान्समध्ये प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना शिक्षा नव्हती; १८८२ साली लागू झालेल्या जपानी संहितेतही ती राहिली नाही. आपल्याकडे इंग्रजांनी १८६२ साली लागू केलेल्या कलम ३७७ मधून असे संबंध बाहेर पडायला २०१८ उजाडलं. कोणत्या युरोपीय देशाचा कायदा गळ्यात पडला, त्यावर कितीतरी आशियाई माणसांचं आयुष्य ठरलं.

कायदा गेला, पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डॉक्टर आले. जर्मन लैंगिकशास्त्राची भाषांतरं झाली आणि जी ‘आवड’ होती ती ‘विकृती’ म्हणून वर्तमानपत्रांच्या आरोग्यविषयक सदरांत झळकू लागली. बायकांच्या आपसातल्या प्रेमाकडे समाजाचं लक्षही तेव्हाच गेलं, कारण मुलींच्या शाळा आणि वसतिगृहं निघाली होती. त्या वातावरणातून योशिया नोबुको (१८९६–१९७३) ही लेखिका आली. शाळकरी मुलींच्या एकमेकींवरच्या जीवापाड मायेच्या तिच्या कथांनी पिढ्यान्पिढ्या वाचक बांधून ठेवले. ती स्वतः मोम्मा चियो हिच्याबरोबर चाळीसहून अधिक वर्षं राहिली. दोघींच्या नात्याला कायद्यात जागा नव्हती, म्हणून १९५७ साली तिने चियोला रीतसर दत्तक घेतलं, मुलगी म्हणून. घराण्याच्या अखंडतेसाठी केलेल्या नियमांतूनच या दोघींनी आपल्यापुरती वाट काढली.

उमेमोतोयातल्या रोजनिश्या

एदो काळाच्या मोकळेपणाची गोडी लागली की योशिवाराकडे वळावं. एदो शहरातली ही परवान्याची वेश्यावस्ती १६१७ साली मंजूर झाली, १६५७ च्या मोठ्या आगीनंतर आसाकुसाच्या मागे हलली आणि १९५८ पर्यंत या ना त्या रूपात चालली. रंगीत चित्रांत तिथल्या गणिका राण्यांसारख्या दिसतात. पण १८४९ साली तिथल्या उमेमोतोया या कोठ्यातल्या १६ जणींनी मिळून स्वतःच्याच घराला आग लावली आणि पळून न जाता थेट वस्तीच्या मुख्याकडे जाऊन गुन्हा कबूल केला. चौकशीत त्यांच्यातल्या काहींच्या रोजनिश्या पुराव्याला आल्या. त्यांत मालकाची मारहाण आहे आणि ताटात पडलेल्या नासक्या अन्नाच्या तक्रारी आहेत. जाळपोळीला एदोत देहान्ताची शिक्षा असे. या प्रकरणात मात्र मालकालाही शिक्षा झाली. आग लावून लगेच शरण जाणं ही या बायकांना माहीत असलेली, सरकारला आपलं ऐकायला लावण्याची एकमेव पद्धत होती, असा अर्थ अभ्यासक लावतात. २०२० च्या शरदात चिबा प्रांतातल्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाने लिंगभावाच्या इतिहासाचं मोठं प्रदर्शन मांडलं, तेव्हा या प्रकरणाला त्यात महत्त्वाची जागा मिळाली.

या बायकांची सुटका कागदावर झाली तीही आडवाटेने. १८७२ साली पेरूचं ‘मारिया लूझ’ हे जहाज योकोहामाला थांबलं. त्यावर फसवून नेलेले दोनशेहून अधिक चिनी मजूर होते. जपानी अधिकाऱ्यांनी ही गुलामगिरी आहे म्हणून मजुरांची बाजू घेतली, तेव्हा कप्तानाच्या इंग्रज वकिलाने उलट विचारलं, तुमच्याच देशात वेश्यांची खरेदी-विक्री चालते त्याचं काय? जगापुढे नाचक्की नको म्हणून त्याच वर्षी सरकारने गणिकांना मुक्त करण्याचा हुकूम काढला. सोबतच्या खुलाशात कारण दिलं होतं: या बायकांचे मानवी हक्क गेलेलेच आहेत, त्या गाई-घोड्यांसारख्या आहेत, आणि गाई-घोड्यांकडून कुणी कर्ज वसूल करत नाही. मुक्तीच्या कागदातच माणूसपण काढून घेतलं होतं. अर्थात ‘स्वेच्छेने’ खोली भाड्याने घेतल्याच्या परवान्यावर तोच धंदा पुन्हा उभा राहिला.

झाडीतलं घर

भूतकाळ आपल्याला हवा तसा दिसू लागण्याचा धोका केवळ सनातन्यांना असतो असं नाही. ताकामुरे इत्सुए (१८९४–१९६४) ही या क्षेत्राची आद्य अभ्यासक. १९३१ साली ती तोक्योजवळच्या सेतागायातल्या झाडीतल्या घरात राहायला गेली आणि रोज दहा-दहा तास वाचत, टिपणं काढत बसू लागली. बाहेरच्यांच्या भेटीगाठी बंद. घरकाम आणि बाहेरचे व्यवहार नवऱ्याने, हाशिमोतो केन्झोने, सांभाळले. विद्यापीठाची पदवी नाही, पगार नाही. तिने वंशावळींचा ढीग उपसून दाखवलं की प्राचीन जपानमध्ये नवरा बायकोच्या घरी येई, मुलं आईच्या घरी वाढत, मालमत्ता मुलींकडेही जाई. १९३८ आणि १९५३ च्या तिच्या ग्रंथांनी पितृसत्ता अनादि असल्याचा समज मोडला. हजारेक वर्षांपूर्वीच्या हेइआन काळातल्या साहित्यात, मुरासाकी शिकिबू या लेखिकेच्या कादंबरीत, नायक रात्री येतो आणि पहाटे निघून जातो, त्यामागची समाजरचना तिच्यामुळे उलगडली.

पण पुढे कुरिहारा हिरोमू या अभ्यासकाने तिची टिपणं मूळ साधनांशी ताडून पाहिली, आणि ठिकठिकाणी तिने पुरावा आपल्या सिद्धान्ताला सोयीचा करून मांडल्याचं दाखवून दिलं. आईकडचं घर तिला हवं होतं तितकं सार्वत्रिक नव्हतं. शिवाय युद्धकाळात तिने आपली मातृसत्ता सम्राटभक्तीच्या दावणीला बांधली होती. यामुळे तिचं काम फुकट गेलं का? नाही. तिने विचारलेला प्रश्न आज जपानमधला प्रत्येक अभ्यासक विचारतो. तिचं उत्तर मात्र कुणी जसंच्या तसं घेत नाही. चांगल्या बाजूने लढणाऱ्याचे कागदही तपासावे लागतात, हा धडा तिच्या वाट्याला आलेल्या टीकेतून या क्षेत्राने घेतला.

सिंहासनावर कोण

आजच्या जपानमधला सर्वांत नाजूक वाद हा सिंहासनाचा आहे. सम्राट नारुहितो यांना एकच अपत्य, मुलगी आयको. कायद्याने ती वारस होऊ शकत नाही. हा कायदा मूळचा १८८९ चा. १९४७ साली नवं रूप देतानाही पुरुषाची अट तशीच ठेवली गेली. त्याआधीच्या इतिहासात आठ स्त्रिया दहा वेळा सम्राटपदी बसल्या, ५९२ साली गादीवर आलेल्या सुइकोपासून १७७० साली पायउतार झालेल्या गो-साकुरामाचीपर्यंत. दोघी दोनदा बसल्या. तेव्हा ‘जपानच्या गादीवर बाई बसत नाही’ या वाक्याची जन्मतारीख १८८९.

बाईला गादी देण्याचे विरोधक यावर गप्प बसत नाहीत. आठही जणी बापाच्या बाजूने राजवंशातल्या होत्या, त्यांच्या मुलांकडे आईच्या हक्काने गादी कधी गेली नाही, असं ते म्हणतात. हे म्हणणं उडवून लावता येत नाही. ७१५ साली गेन्मेइने गादी सोडली आणि तिच्या मुलीला, गेन्शोला, दिली. आईनंतर मुलगी आल्याचं हे एकमेव उदाहरण. पण गेन्शोचा बापही राजपुत्रच होता, म्हणून विरोधक तिलाही आपल्याच बाजूला मोजतात. अभ्यासक मग आणखी एक कागद पुढे करतात. आठव्या शतकाच्या सुरुवातीच्या संहितेत सम्राटाच्या भावांना आणि मुलांना कोणता दर्जा द्यायचा, याचा नियम आहे. त्याला बारीक अक्षरांत एक टीप जोडलेली आहे, की सम्राट स्त्री असेल तर तिच्या मुलांनाही हाच दर्जा. म्हणजे तेरा शतकांपूर्वीच्या कायदेकारांनी ही शक्यता गृहीत धरली होती. प्रत्यक्षात मात्र त्या शक्यतेनुसार गादी कधी चालली नाही.

या टीपेवरून आयकोला गादी मिळावी असं सिद्ध होत नाही, मिळू नये असंही होत नाही. इतिहासाचं काम तिथे संपतं. काय करायचं ते तोक्योतल्या संसदेला आजच्या कारणांवर ठरवावं लागेल, आणि त्या कारणांत ‘पहिल्यापासून असंच आहे’ हे कारण आता धरता येणार नाही.